बिनझाकणाची पाचओळी

मी एक जुनी पाचओळी आहे. म्हणजे पाच ओळींचं एक वात्रट गाणं. पहिल्या दोन ओळी लांब, मधल्या दोन आखूड, आणि पाचवी परत लांब. एखादं लंगडं घोडं दुडक्या चालीनं घरी निघालंय, तसा माझा ठेका.

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, अंगावर घालायला धड कागदसुद्धा नाही. मी तोंडात राहते. तुम्ही मला आत्ता वाचताय, म्हणजे सध्या माझा मुक्काम तुमच्या तोंडात आहे. जीभ दातामागे हळूच हलतेय का बघा. हलत असेल तर घाबरू नका. मी चावत नाही. निदान आता तरी चावत नाही.

माझा जन्म इंग्लंडच्या पलीकडच्या बेटावरचा, लिमरिक परगण्यातल्या किलफॉश गावचा, आणि तोही छपरावरचा. छप्पर होतं मॅलकी हार्टिगनचं. मॅलकीकडे बावीस एकर जमीन, अकरा गाई, हॅना नावाची एक बायको आणि ईटा नावाची एक पोरगी. मतं किती होती ते मोजायची सोय नव्हती. त्यातलं सगळ्यात पक्कं मत असं, की ज्याला स्वतःची जमीन नाही तो माणूस नव्हे, नुसता पाहुणा.

आणि ईटाचं नेमकं अशाच एका पाहुण्यावर मन बसलं होतं. थेडी क्युसॅक. तो लोकांची घरं पेंढ्यानं शाकारायचा. छपरं सगळी दुसऱ्याची, शिडी तेवढी स्वतःची. मॅलकीनं ईटाला एकदाच आणि थोडक्यात सांगितलं होतं, की त्या शिडीवाल्याचं नाव या घरात नको.

पण मित्रांनो, देवालाही गंमत कळते. त्या वर्षी वाऱ्यानं मॅलकीचं अर्धं छप्पर उडवून नेलं, आणि चार गावांत मिळून शाकारणारा एकच. थेडी. आता करता काय! मॅलकीनं त्याला बोलावलं खरं, पण बंदोबस्त करून. ईटाच्या खोलीच्या खिडकीला त्यानं फळी ठोकली. हॅनानं विचारलं तर म्हणाला, वारा फार येतो. आणि स्वतः काठी घेऊन दाराशी बसला. आमच्याकडे दाराचे वर-खाली दोन भाग असतात. खालचा लावून त्यावर कोपरं टेकून तो दिवसभर शिडीकडे बघत राहायचा.

झालं असं, की दाराकडे बघायला मॅलकी होता, खिडकीकडे बघायला फळी होती, आणि वर बघायला कोणीच नव्हतं. जुना सडका पेंढा काढताना ईटाच्या पलंगाच्या बरोबर वर थाळीएवढं भोक पडलं. ते बुजवायला थेडीला नऊ दिवस लागले. एवढं भोक बुजवायला किती वेळ लागतो ते मी तुम्हाला सांगत नाही, त्याच्या धंद्याची बदनामी नको.

पहिल्या दिवशी खालून आवाज आला, "अहो छप्परवाले, तुमचा पेंढा माझ्या चहात पडतोय."

"हात घालून काढू का?" वरून थेडी.

"घाला की. पण मग हात परत मिळायचा नाही."

अशा सगळ्या गोष्टी. चौथ्या दिवशी मी जन्मले. थेडीच्या दातात पेंढा दाबायचे काड्यांचे आकडे होते, त्यामुळे मी जरा बोबडीच जन्मले. पण ठेका पक्का होता. अशी होते मी:

मॅलकी बसलाय दारात,
पहारा देतोय जोरात;
खिडकीला फळी,
फळीआड कळी…

पाचवी ओळ थेडीनं भोकात तोंड घालून ईटाच्या कानात सांगितली: चोर तर बसलाय छपरात. ईटा इतकी हसली, की मॅलकीनं बाहेरून फळीवर काठी आपटली. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "ही शेवटची ओळ तू नाही म्हणायची. झाकण बाबानंच लावायला पाहिजे."

आता इथं आमच्या गावची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. किलफॉशमध्ये कुणावर पाचओळी रचली, तर ती त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि चारच ओळी म्हणायच्या. पाचवी ज्याच्यावर रचलीय त्यानं स्वतः जोडायची. तिला म्हणतात झाकण. त्यानं झाकण लावलं की सगळे हसतात, त्याच्या पाठीवर थाप मारतात, राग तिथंच संपतो. दुसऱ्या कुणी लावलेलं झाकण बसत नाही. ते घसरतं आणि आत पडतं. आत म्हणजे कुठे, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ईटाचा बेत साधा होता. तिचा बाप एकदा हसला की त्याला नंतर नाही म्हणता येत नसे, गाईचा सौदा असो की पोरीचा हट्ट. त्याला चारचौघात हसवायचं, त्याच्याकडून झाकण लावून घ्यायचं, आणि तो हसतोय तोवर थेडीनं लग्नाचं विचारायचं. म्हणजे बघा, मी कुणाला दुखवायला जन्मलेच नव्हते. मी मागणी होते. टोपी तिरकी घालून आलेली मागणी.

रविवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना झाली आणि सगळे बाप्ये शीहीबाईच्या गुत्त्यात शिरले. थेडी उठला, टोपी काढली आणि माझ्या चारही ओळी म्हणून दाखवल्या. काय सांगू मित्रांनो! सगळा गुत्ता हलला. एकजण बाकावरून खाली पडला. शीहीबाई पदराला, म्हणजे तिच्या त्या एप्रनला, डोळे पुसत राहिली. एवढं कौतुक मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी मॅलकीकडे बघत होते. त्याच्या मिशीचं एक टोक थरथरलं. झाकण त्याच्या जिभेवर आलं होतं, मला ते जाणवत होतं, भाकरी फुगायला लागते ना, तसं. अजून दोन श्वास आणि तो हसणार होता.

तेवढ्यात डिनी शिंपी म्हणाला, "मॅलकी, आता जावयाला एक ग्लास पाज की."

जावई हा शब्द ऐकला आणि मिशी जागच्या जागी थिजली. मॅलकीनं आपला भरलेला ग्लास तसाच टेबलावर ठेवला.

"ज्याला उभं राहायला स्वतःचा बांध नाही," तो म्हणाला, "त्याच्या ओळीला मी झाकण लावत नाही."

आणि तो निघून गेला. दार त्याच्या मागे दोनदा हललं आणि थांबलं. गुत्त्यातल्या प्रत्येकानं आपापल्या ग्लासवर तळहात ठेवला. म्हाताऱ्यांनी आधी, मग तरुणांनी, कुणी न सांगता. पाचओळी उघडी राहिली की असं करतात, ती ग्लासात पडू नये म्हणून. शीहीबाईनं छातीवर क्रूस काढला आणि हळूच म्हणाली, "गेली रे ती त्याच्या पाठोपाठ."

गेलेच होते मी. मला दुसरीकडे जाताच येईना.

आतापर्यंत मला वाटायचं, की मी कुणाच्या तरी तोंडात असते तेव्हाच असते. त्या दिवशी कळलं की तसं नाही. मॅलकी घरी चालत निघाला आणि त्याचे बूट माझ्या ठेक्यात पडायला लागले. दोन लांब, दोन आखूड, आणि मग एक जागा मोकळी. त्यानं चाल बदलून पाहिली. मी पण बदलले. तो थांबला, तर मागे रस्त्यावर ती दोन आखूड पावलं उशिरानं वाजली.

दुसऱ्या दिवशी गाईचं दूध बादलीत त्याच ठेक्यात पडलं. चार धारा, आणि पाचव्या वेळी गाय दूध चोरायची आणि मान वळवून त्याच्याकडे बघायची. भिंतीवरचं घड्याळ तसंच चालायला लागलं. हॅना ताक घुसळायला बसली तर तिचा हात आपोआप पाचव्या वेळी वर राहायचा. ती हाताकडे बघत बसायची, परक्याचा असावा तसा.

मी काही करत नव्हते. खरं सांगते. आधी मजा वाटली, हे कबूल करते. मी वात्रटच आहे, वात्रट जन्मले. पण नंतर मला थांबता येईना. अर्धवट शिंक नाकात अडकून राहावी तसं झालं होतं माझं, आणि ती शिंक त्या सगळ्या घराला येत होती.

आमच्याकडे संध्याकाळचा चहा झाला की सगळं घर गुडघ्यावर बसून जपमाळ म्हणतं. पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत दहा मणी. एकानं अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली. पहिली फेरी मॅलकीची, दुसरी हॅनाची, तिसरी ईटाची, चौथी परत हॅनाची आणि पाचवी परत मॅलकीची. त्या बुधवारी चार फेऱ्या नीट झाल्या. पाचवीला मॅलकीनं मणी धरला, डोळे मिटले, 'नमो मरिये' म्हणायला तोंड उघडलं आणि मी बाहेर पडले.

"मॅलकी बसलाय दारात," तो म्हणाला. अगदी भक्तिभावानं.

"पहारा देतोय जोरात," हॅना आणि ईटानं रोजच्या सवयीनं उत्तर दिलं.

"खिडकीला फळी."

"फळीआड कळी."

मग तिघांचेही डोळे उघडले. कुणी हललं नाही. आणि त्या शांततेत चौथ्या कोपऱ्यातून, जिथं नुसता केरसुणीचा दांडा टेकवलेला होता, कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात ना, तसा.

मित्रांनो, ती मी होते. मला बोलायचं होतं. पण माझ्याकडे शब्दच नव्हते, ते मॅलकीकडे होते.

मॅलकी उठला आणि दाराशी जाऊन बसला. हॅना त्याला म्हणाली, की हा हट्ट सोड, जाऊन झाकण लाव. तो म्हणाला, की एका शिडीवाल्याच्या चार ओळींना घाबरून मी पोर देणार नाही. ईटा कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा बघत होती.

गावाला मात्र चेव चढला. उघडी पाचओळी दिसली की लोकांच्या जिभेला खाज सुटते. डिनी शिंपी हार्टिगनांच्या कुंपणावरून जाताना ओरडला, "उंदीर नाचती घरात!" झाकण नव्हतंच ते, गंमत होती. पण मला ते घसरून आत पडल्याचं कळलं. विहिरीत दगड पडल्यावर कळतं तसं.

तिसऱ्या दिवशी उंदीर आले. भर दुपारी, एका रांगेत, दाराखालून. पळत नव्हते. चार पावलं यायचे, थांबायचे, परत चार. मांजर भिंतीकडे तोंड करून बसलं होतं, ते बसूनच राहिलं.

मग लोहार म्हणाला, "पाऊस पडतोय घरात." त्या आठवड्यात किलफॉशमध्ये थेंब पडला नव्हता. गवत पिवळं पडलं होतं. आणि नव्या कोऱ्या छपरातून, जिथं ते थाळीएवढं भोक बुजवलं होतं तिथून, ईटाच्या पलंगावर पाणी ठिबकायला लागलं. टप, टप, मग पटकन दोन, मग काहीच नाही.

एव्हाना गावात कुणी हसत नव्हतं. लोहारानं तर चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. मॅलकीनं काय केलं? ईटासाठी क्रूम गावच्या एका विधुराला निरोप धाडला. चाळीस एकर, दगडी घर, छपरावर पेंढा नाही, पाटीचा दगड. विधुर येऊन बावीस एकरांवरून फिरून गेला, बटाटे आणि हॅमचा तुकडा खाऊन गेला. वरून ठिबकणारं पाणी त्याच्या ताटात पडलं तर त्यानं ताट सरकवून घेतलं आणि जेवत राहिला. उपासाच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, ते सुरू व्हायच्या आत लग्न, असं ठरलं.

ही बातमी थेडीला गुत्त्यात कळली. रविवारची दुपार, सगळे तेच, बाक तेच. थेडीनं काळ्या बिअरचा ग्लास दूर सारला. मग त्यानं मला म्हटलं. हळू, दात दाबून, चारही ओळी. आणि पाचवी जोडली.

"पांढरी चादर घरात."

आमच्याकडे माणूस गेला की पांढरी चादर घालतात, पलंगावर, भिंतीला, सगळीकडे. कुणाला सांगायची गरज पडली नाही. एकेक तळहात ग्लासावर गेला. शीहीबाईनं तर स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

थेडीला बोलल्या बोलल्या कळलं. तो म्हणाला, की मला तसं नव्हतं म्हणायचं, मी परत घेतो. पण मित्रांनो, तोंडातून गेलेलं परत घ्यायला कुणाला जमलंय? त्याच्या मनात म्हातारा होता. पण ओळीत म्हातारा नव्हता. ओळीत नुसतं घर होतं, आणि घरात तिघं राहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईटा उठली नाही.

ताप होता. डॉक्टर आला, छाती तपासली, हॅनाला बाजूला घेऊन काहीतरी बोलला आणि चहा न घेता गेला. आमच्याकडे डॉक्टर चहा न घेता गेला की बायका चादरी शोधायला लागतात. ईटा डोळे मिटून पडली होती आणि मी तिच्या श्वासात होते. दोन लांब श्वास. दोन आखूड. आणि मग काहीच नाही. हॅना त्या मोकळ्या जागेत स्वतःचा श्वास रोखून बसायची. मग परत दोन लांब यायचे. पण दर वेळी ती मोकळी जागा थोडी वाढत होती. मला ती कमी करता येत नव्हती. मी खूप प्रयत्न केला. मी त्या पोरीच्या हसण्यातच पहिल्यांदा न्हाले होते, मला काय तिचा जीव घ्यायचा होता?

तिसऱ्या दिवशी छपरावर पावलं वाजली. थेडी वर चढला होता. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. तो ते ठिबकणं बंद करायला बघत होता. पेंढा उपसायचा, नवा दाबायचा, आकडे ठोकायचा. पेंढा कोरडा ठणठणीत होता. पाणी तरीही येत होतं. हाताची सालं निघाली तरी तो उतरेना.

मॅलकी दाराशी बसला होता. काठी मांडीवर. हॅना येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"झाकण लाव," ती म्हणाली.

"त्याच्याकडे एक वावर नाही, हॅना."

"तुझ्याकडे बावीस एकर आहेत. त्यात तिला पुरायला किती जागा लागेल, ते मोजून ठेव मग."

मॅलकीनं मांडीवरची काठी जमिनीला टेकवली. म्हणाला, "तुला माहीत आहे ना, झाकण लावणाऱ्याला आत पडलेलं सगळं घ्यावं लागतं?"

"माहीत आहे."

"उंदीर. पाणी. आणि ती तिसरी गोष्ट."

हॅनानं मान खाली घातली. तिला माहीत होतं, तिच्या आजोबांनी असंच एक झाकण लावलं होतं. ती म्हणाली, "मी सांगणार नाही तुला. एका बाजूला तू आहेस, एका बाजूला ती. मला विचारू नकोस."

ऊन अजून शेतात होतं, तेव्हा ते दोघं ईटाच्या पलंगाशी गुडघ्यावर बसले. जपमाळ सुरू झाली. पहिली मॅलकीनं म्हटली, दुसरी हॅनानं. तिसरी ईटाची होती. ती तशीच सोडता येईना, हॅनानं म्हटली. चौथीही तिनंच म्हटली. वर छपरावर आकडे ठोकल्याचा आवाज येत होता. पाचवी आली तेव्हा मॅलकीनं माळ खिशात ठेवली. गुडघ्यावर हात दाबून उठला. दाराकडे गेला. दाराचा खालचा भाग उघडला, मग वरचाही उघडला. काठी बाहेर अंगणात टाकून दिली. आणि उंबऱ्यात उभं राहून, वर छपराच्या कडेकडे बघत, त्यानं मला म्हटलं. हसत नव्हता. एखादा माणूस आपलंच नाव वाचून दाखवतो तसं म्हणाला.

"मॅलकी बसलाय दारात,
पहारा देतोय जोरात;
खिडकीला फळी,
फळीआड कळी…"

थांबला. घड्याळ थांबलं. वरचं ठोकणं थांबलं. आत पलंगावर दोन लांब झाले होते, दोन आखूड झाले होते, आणि ती मोकळी जागा सुरू झाली होती. कोपऱ्यात मी श्वास घेऊन उभी होते.

"ये पोरा, ये तू घरात."

मित्रांनो, मी कशी बंद झाले ते मला सांगता येणार नाही. पाय थंड पडलेल्या माणसाला कुणीतरी गोधडी घालावी, एवढंच आठवतं. आत ईटानं श्वास घेतला. पाचवा. लांब. घड्याळ साधं टिक टिक करायला लागलं. थेडी शिडीच्या अर्ध्या पायऱ्या चुकवत खाली आला, डोक्यात पेंढा, हाताला रक्त, आणि उंबऱ्याशी येऊन उभाच राहिला. आत पाय टाकायचं धाडस होईना.

"पाय पूस आधी," मॅलकी म्हणाला.

ईटा दहा दिवसांनी उठून बसली. खिडकीची फळी हॅनानं स्वतः उपटली आणि चुलीत घातली. उपास लागायच्या आत लग्न झालं. क्रूमच्या विधुराला दुसरीकडे सोयरीक मिळाली. त्याचं ताट सरकवणं गावात अजून सांगतात.

आणि मॅलकी? त्यानं आतलं सगळं घेतलं. उंदीर घरातून गेले, पण त्याच्या कोटाच्या खिशात रोज सकाळी एक बसलेला असायचा. तो त्याला कुंपणाबाहेर सोडून यायचा. छपरातलं ठिबकणं थांबलं, पण कोरड्या जागी ठेवलेल्या त्याच्या बुटांत रोज दोन बोटं पाणी असायचं. तो ते ओतून द्यायचा आणि बूट घालायचा. राहिली तिसरी गोष्ट. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं हॅनाकडून पेटीतली एक स्वच्छ पांढरी चादर मागून घेतली, दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि शेजारी खुर्ची घेऊन बसला.

"आहे मी इथंच," तो चादरीला म्हणाला. "तुला घाई असली तर सांग."

तिला घाई नव्हती. एक वर्ष गेलं, दोन गेली. दार बंद असलं, वारा नसला, तरी जपमाळ संपली की ती चादर एका बाजूनं हलकेच फुगायची आणि मॅलकीच्या गुडघ्याला लागायची. ईटा माहेरी आली की तिला ते बघवत नसे. मॅलकी मात्र चादरीशी बोलायचा. अजून नाही म्हणायचा, तांबडी गाय व्यायची आहे. अजून नाही, थेडीला खालचं वावर नांगरून द्यायचंय. हो, खालचं वावर त्यानं थेडीला दिलं. थेडीनं आयुष्यात पहिल्यांदा नांगर धरला आणि बांधच कापला. म्हातारा दाराशी बसून इतका हसला, की चादर थरथरली.

हॅना दर शनिवारी ती चादर धुवायची, वाळवायची आणि परत त्याच खिळ्याला लावायची. सतरा वर्षं. ती पिवळी पडली, कडांना विरली. मग एका मार्चमध्ये, पाचव्या फेरीचा शेवटचा मणी झाल्यावर, मॅलकी म्हणाला, "बरं, आता चालेल." आणि खुर्चीत मान टेकून गेला. हॅनानं खिळ्यावरून चादर काढली. नंतर तिनं ईटाला सांगितलं, की ती गरम होती. आत्ताच कुणाच्या अंगावरून काढल्यासारखी.

त्यानंतर मी थोडी वर्षं किलफॉशमध्ये होते. लग्नात म्हणायचे मला, पाचही ओळी, आणि पाचवी सगळे मिळून. मग गावात वीज आली, रेडिओ आला. पेंढ्याची छपरं गेली, पाटीच्या दगडाची आली. पोरं बोटीत बसून इंग्लंडला गेली. जाताना टोपी नेली, पत्ता नेला, मला न्यायला विसरली. शीहीबाईचा गुत्ता बंद झाला. मी बरीच वर्षं ईटाच्या तोंडात एकटी राहिले. म्हातारपणी ती मला नुसतं पुटपुटायची, भांडी घासताना. तीही गेल्यावर मी कुठं कुठं राहिले ते विचारू नका. रिकाम्या घरात राहणं पाचओळीला चांगलं नसतं.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, एक मागणं आहे. चेष्टा करा. जरूर करा, चेष्टेशिवाय गाव मरतं. पण ज्याची करायची त्याच्या तोंडावर करा, आणि शेवटची ओळ त्याच्यासाठी मोकळी ठेवा. दुसऱ्याच्या पाचओळीत गंमत म्हणूनही काही टाकू नका. ते कुठं पडतं, कुणाच्या पलंगावर ठिबकतं, तुम्हाला माहीत नाही. आणि कधी तुमच्यावरच कुणी चार ओळी घेऊन आलं, तर भरला ग्लास टेबलावर ठेवून निघून जाऊ नका. त्याची टोपी हातात आहे का बघा. तो कदाचित काहीतरी मागायला आलेला असेल.

आणखी एक. वाचता वाचता तुमच्यापैकी काहींचा पाय हलायला लागलाय, मला दिसतंय. दोन लांब, दोन आखूड. तो तसाच सोडून उठू नका, मी तुमच्या पाठोपाठ येईन, मला दुसरं जमत नाही. आधी झाकण लावा. मोठ्यानं म्हणा, 'ये पोरा, ये तू घरात.' आणि म्हणताना दाराकडे बघा. बाहेर कुणीतरी बराच वेळ उभं आहे, टोपी हातात घेऊन.

पाय पुसून येईल ते.